लाल दिव्यापुरतं

त्याने शर्टाचं शेवटचं बटण लावलं, खिडकीतून खाली वाकून पाहिलं, दिवा लाल झालेला दिसला, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तो बोलायला लागला.

"सोमवारी मी हो म्हणून टाकेन, पण आईचं काय करायचं ते आधी ठरवू या."

वाक्य खोलीत पडलं ते उघडंवाघडं. त्याच्यावर पांघरायला काहीच आलं नाही. खाली चौकात गाड्यांची रांग उभी होती, पुढे दोन बसही होत्या, पण त्यातल्या एकीचंही इंजिन चालू नव्हतं. खिडकीची काच थरथरली नाही. फळीवरच्या पेल्यात ठेवलेले चमचे किणकिणले नाहीत. कुठल्याशा गाडीत कोणीतरी शिंकलं, तेवढं मात्र पहिल्या मजल्यावर स्वच्छ ऐकू आलं.

बायकोच्या हातातली इस्त्री हवेतच राहिली.

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे कात्री चालत होती, ती थांबली. मग पुन्हा चालू झाली, पहिल्यासारखीच, कापडातून करकरत. पण मध्ये थांबली होती हे दोघांनीही ऐकलं होतं, आणि आपण ऐकलं हे एकमेकांच्या तोंडावर वाचलंही होतं.

"बरं, निघतो मी!" तो एकदम नाटकातल्यासारखा मोठ्याने म्हणाला. "आई, येतो गं!"

"ये रे," पलीकडून आवाज आला. रोज येतो तसाच.

ते घर होतं चौकाच्या कोपऱ्यावर. पुढची खोली तशी ऐसपैस, पण त्याचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या मधोमध पार्टिशन घालून दोन खोल्या केल्या. अलीकडे नवराबायको, पलीकडे आई आणि त्यांचं शिलाई मशीन. कोपऱ्याकडची खिडकी आईंना मिळाली, कारण काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा तर उजेड लागतो. पंखा एकच होता आणि तो बरोबर मध्ये होता, म्हणून पार्टिशन छतापर्यंत नेलं नाही. वर हातभर जागा सोडली. सुताराने तेव्हा सांगितलं होतं, हवा दोघांनाही मिळेल. आवाजाबद्दल तो काही बोलला नव्हता आणि कोणी विचारलंही नव्हतं.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने तिला कानात सांगितलं, "लाल पडला की बोल."

तिला आधी ती थट्टा वाटली. मग लाल पडला. खाली ट्रक, बस, मोटारी येऊन उभ्या राहिल्या, सगळ्यांनी मिळून गुरगुरायला सुरुवात केली, काच थरथरली, चमचे वाजायला लागले, आणि त्या सगळ्या धुडगुसाच्या आडोशाला उभं राहून तो तिला म्हणाला की ती त्याला फार आवडते. तो ट्रकवाला कोण होता देव जाणे. आपण कुणाच्या संसाराला हातभार लावला हे त्याला कधीच कळलं नसेल.

तिला ते हळूहळू जमायला लागलं. हिरव्यात किल्ली कुठे आहे, पाणी भरलं का, विजेचं बिल आलं का, असलं बोलायचं. बाकीचं लालमध्ये. दोघांचीही वाक्यं लाल दिव्याएवढ्या लांबीची झाली. वाक्याच्या मध्येच हिरवा पडला तर तोंड मिटायचं आणि उरलेलं हातात धरून ठेवायचं, एखाद्या गरम भांड्यासारखं, पुढच्या लालपर्यंत. कधी कधी तोवर ते थंड व्हायचं. मग ते कुठेतरी ठेवून द्यायचं आणि विसरून जायचं. म्हणूनच आपलं कधी मोठं भांडण झालं नाही, असं तो कौतुकाने म्हणे. म्हणूनच आपलं एकही भांडण संपलेलं नाही, असं तिला वाटे. पण हे सांगायला एक लाल दिवा पुरला नसता.

ती कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये काम करायची. दिवसभर अनोळखी लोकांची तोंडं प्लास्टरच्या साच्यांमध्ये तिच्यासमोर मांडलेली असत, आ वासलेली, गप्प. ती त्यांना मेणाच्या हिरड्या चढवायची, दात लावायची. या तोंडांनी आयुष्यात काय काय बोलून घेतलं असेल आणि काय राहिलं असेल, असा विचार करत तिची दुपार जायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या नखांत मेण असायचं आणि त्याच्या कपड्यांना नव्या गाडीचा वास.

तो गाड्या विकायचा. आणि गंमत म्हणजे त्या गाड्यांमधल्या ज्या करामतीने त्यांचा आडोसा काढून घेतला, ती पटवून देण्यात त्याचा शोरूममध्ये हातखंडा होता.

ती करामत त्याने जेवताना पहिल्यांदा सांगितली तेव्हाचं तिला आठवत होतं.

"म्हणजे सिग्नलला गाडी बंद पडते?" आईंनी विचारलं होतं.

"पडत नाही, आई. इंजिन बंद होतं. आपलं आपण."

"आणि मग?"

"ब्रेकवरचा पाय उचलला की चालू."

"अरे, चालूच करायचं आहे तर बंद कशाला करायचं?"

"पेट्रोल वाचतं. धूर होत नाही. नुसतं उभं राहायला कशाला जाळायचं?"

"सारखं बंद-चालू करून स्टार्टर नाही का जात?" तिने विचारलं.

"मजबूत देतात. बॅटरीही वेगळी असते, मोठी." हे तो शोरूमच्या आवाजात म्हणाला. मग घास घेतला आणि घरच्या आवाजात म्हणाला, "निम्मे लोक आठवड्याभरात परत येतात. म्हणतात, हे बंद कसं ठेवायचं ते दाखवा. सिग्नलला इंजिन गेलं की त्यांना वाटतं, गाडीच बंद पडली. बटण असतं त्याला. पण गाडी पुन्हा सुरू केली की पुन्हा दाबावं लागतं. गाडी विसरून जाते."

"विसरत नसेल," आई म्हणाल्या. "तिला पटलेलं नसेल."

"पण फायदा आहे का नाही, ते सांग ना," ती म्हणाली.

"ज्याला सारखं थांबावं लागतं त्याला आहे. मोकळ्या रस्त्याने जाणाऱ्याला काय, असलं काय नि नसलं काय."

"मग आपल्या चौकात चांगलं खपेल," आई म्हणाल्या, आणि तिघंही हसली होती.

खपलं. आधी रांगेत एखादीच गाडी गप्प असायची, बाकीच्यांच्या गोंगाटात कळायचंही नाही. मग दोन लेनमधली एक गप्प झाली. बस विजेवरच्या आल्या. आणि हळूहळू, कोणाच्या लक्षात येण्याआधीच, चौकाचं सगळं उलटंपालटं झालं. हिरव्यात आवाज, लालमध्ये शांतता. लाल पडला की रस्त्यावर कोणीतरी चादर झटकून अंथरल्यासारखी ती शांतता पसरायची. त्या शांततेत खालून माणसांचे आवाज तरंगत वर यायचे. "मी कुठे तसं म्हटलं?" अशी एक बाई. गुणगुणणारा कोणी. "झोपली बघ," असं हलक्या आवाजात कोणी कोणाला सांगताना. संध्याकाळी चौकातल्या गाड्यांच्या मागच्या दिव्यांचा लाल उजेड छतावर पसरायचा आणि त्या उजेडात ते आवाज पोहत असल्यासारखे खोलीभर फिरायचे. ती अंथरुणावर पडून ऐकत राही. आपल्याच घरात लोक बसलेत आणि आपल्यालाच ते ओळखू येत नाहीत, असं काहीतरी तिला अर्धवट झोपेत वाटे. या सगळ्यात आपला आडोसा गेला, हे तिला कळत होतं आणि नव्हतंही. दिवा लाल दिसला की तोंड उघडायचं, एवढंच अंगात मुरलं होतं.

आणि त्या सकाळी ते वाक्य पडलं.

गोष्ट साधी होती. डोंगरापलीकडच्या थंड हवेच्या शहरात त्याच्या मालकांचं नवं शोरूम होत होतं आणि ते त्याने सांभाळावं असं मालकांनी विचारलं होतं. राहायला घर मिळणार होतं. भिंती असलेलं, दारं असलेलं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. आई तिकडे येणार नाहीत हे उघड होतं. त्यांची गिऱ्हाइकं इथली, जिना इथला, उजेड इथला. त्यांना इथे एकटं ठेवायचं, का घर बदलायचा विचारच सोडायचा, एवढाच प्रश्न होता. त्याला वाटायचं, हिला जायचं नसेल, लॅब सोडवणार नाही. तिला वाटायचं, हा आपल्यासाठी जायचं म्हणतोय, आईला सोडून याचा पाय निघणार नाही. खरं काय ते दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. ते सांगायला एक लाल दिवा अपुरा होता, आणि आता तर तोही राहिला नाही.

सकाळच्या त्या प्रकारानंतर दोघं बोलायचीच बंद झाली.

प्रयत्न केला त्यांनी. एकदा जिन्यात उभं राहून बोलायला गेली, तर वरच्या मजल्यावरचे काका खाली उतरता उतरता थांबले आणि काय काय महाग झालंय ते सांगत बसले. मग फोनवर लिहून बघितलं. एकाच पलंगावर पाठीला पाठ लावून बसायचं आणि एकमेकांना निरोप पाठवायचे. तिने लिहिलं, "तुला खरंच जायचंय का?" पाठीमागे तो लिहितोय, खोडतोय, पुन्हा लिहितोय हे तिला पाठीलाच कळत होतं. पुष्कळ वेळाने उत्तर आलं, "बघू."

"बघू काय?" ती वळून म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

पलीकडे आईंनी खोकल्यासारखं केलं. खोकला नव्हता तो. मी जागी आहे, एवढंच सांगायचं होतं त्यांना. त्यांचं वागणं बाकी तसूभर बदललं नव्हतं. चहाला हाक मारत, दोऱ्याची रिळं संपली म्हणून सांगत, कोणाची तरी पँट एवढी कशी घट्ट झाली यावर हसत. त्या जितक्या नेहमीसारख्या वागत, तितकी ती त्यांच्याकडे न बघता हातातलं काम उरकून टाकी.

मग एका संध्याकाळी लाल पडला, शांतता पसरली, आणि पार्टिशनपलीकडे मशीन सुरू झालं.

जुनंच मशीन, त्याला नंतर मोटर लावलेली. जोरात चालवलं तर पलंगाच्या पायापर्यंत हादरा यायचा. तो वाचत पडला होता. त्याने मान वर केली.

"बरं झालं," तो कुजबुजला. "काम वाढलेलं दिसतंय."

दिवा हिरवा झाला, गाड्या निघाल्या, मशीन थांबलं. पुन्हा लाल. पुन्हा मशीन. तो उठून बसला, तोंड उघडलं, पण त्याला सुरुवात सापडेना. इतके दिवस न बोललेलं सगळं दाराशी एकदम गर्दी करून उभं असावं तसं त्याचं झालं. ती मात्र ऐकत होती. त्याचं नाही, मशीनचं. इतकी वर्षं त्या आवाजाला टेकून ती झोपली होती. शिवण म्हटली की मशीन थोडं धावतं, अडतं, कोपऱ्यावर थबकतं, सुई उचलली जाते, कापड फिरतं, मग पुन्हा धावतं. शिवण बोलण्यासारखी असते. हे तसं नव्हतं. हा आवाज लांबलचक होता, सपाट, उभ्या राहिलेल्या बससारखा. लाल पडला की सुरू आणि हिरवा पडला की बंद.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही.

रविवारी संध्याकाळी तिने चहा केला. तो खाली जमिनीवर बसून उद्याचे बूट पॉलिश करत होता. सकाळपासून एकच बूट चालला होता. तिने त्याच्याजवळ एक कप ठेवला आणि दुसरा घेऊन ती पार्टिशनला वळसा घालून पलीकडे गेली.

आईंनी दिवा लावला नव्हता. खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्या मशीनपुढे बसल्या होत्या, मान चौकाकडे वळवून, मोटरच्या पेडलवर पाय ठेवून. दिवा पिवळा झाला, लाल झाला. खाली एकेक इंजिन मिटत गेलं. आईंनी पाय दाबला.

सुई खालीवर व्हायला लागली. सुईखाली कापड नव्हतं. सुईत दोराही नव्हता.

त्यांनी वळून सुनेकडे पाहिलं. पकडलं गेल्याची खूण त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर आली आणि गेली. पाय त्यांनी उचलला नाही.

"ठेव तिथे," त्या म्हणाल्या. "जा तू, बोला. वेळ जातोय."

तिने चहा ठेवला. गेली नाही. शेजारच्या स्टुलावर कपड्यांची चळत होती, ती उचलून मांडीवर घेऊन बसली.

"आई, हे काय करताय?"

"चालवतेय."

"रिकामं?"

"रिकामं."

"खराब होईल ना."

"झिजत असेल काहीतरी. झिजू दे." त्यांनी सुईकडे पाहिलं. "घर मुकं झालंय गं तुमचं. मला करमत नाही."

मग तिच्या डोक्यात काहीतरी उलगडायला लागलं.

"तुम्हाला त्या दिवशी ऐकू गेलं," ती म्हणाली. "म्हणून आता आमचं ऐकू येऊ नये म्हणून..."

"छे गं." आई तिच्याकडे झुकल्या. त्यांच्या तोंडाला चहाच्या पातीचा नि खडूचा वास येत होता. "ऐकू काय, मला आत्ताही येईल. तेव्हाही यायचं. ट्रक असू दे, नाहीतर बस असू दे. माणसाच्या आवाजाला ते पुरत नाही."

"तेव्हाही म्हणजे?"

"पहिल्यापासून."

दिवा हिरवा झाला. आईंनी पाय उचलला. दोघी गप्प बसल्या, एक मशीनकडे बघत, एक मांडीवरच्या कपड्यांकडे. पलीकडे ब्रश बुटावर घासला जात होता. खाली गाड्या सुटल्या, त्यांचा आवाज आला, उतरला. या सबंध वेळात ती आपल्या संसारातले सगळे लाल दिवे एकामागून एक आठवत होती आणि प्रत्येकासरशी तिचे कान तापत होते.

लाल पडला. मशीन सुरू झालं.

"तुम्ही कधी काही म्हणाला नाहीत," ती म्हणाली.

"काय म्हणायचं? दिवा बघून बोलायचात तुम्ही. काच हलली का, ते हात लावून बघायचात. माणसं माझ्यासाठी एवढा आटापिटा करतायत, म्हटल्यावर मला ऐकू येत नाही असंच वागायला पाहिजे ना? नाहीतर सगळं वाया."

ती हसली, आणि हसता हसताच तिला ते वर्ष आठवलं. तिच्या पोटातलं मूल गेलं ते वर्ष. दवाखान्यातून घरी आल्यावर ती फक्त लालमध्ये रडायची. हिरव्यात उशी तोंडावर घ्यायची. आणि त्याच आठवड्यात आई आपल्या बहिणीकडे निघून गेल्या होत्या, गुडघ्याला तिकडचं पाणी मानवतं म्हणून. चांगला महिनाभर. अशा वेळी सासू घर सोडून गेली, हे तिने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण सोडूनही दिलं नव्हतं. इतकी वर्षं आत कुठेतरी धरून बसली होती.

"मावशींकडे गेला होतात तुम्ही," ती म्हणाली. "त्या वेळी."

आईंनी मान हलवली.

"गुडघा दुखत होता?"

"दुखतो की. तो कधी दुखत नाही?" त्या सुईकडेच बघत होत्या. "लाल दिव्याची वाट बघत कुणी रडतं का गं? मी असते तर तू तशीच रडली असतीस."

तिने मांडीवरची चळत घट्ट धरली. वरच्या शर्टाची बाही तिच्या मनगटावर लोंबत होती. कोणाची होती कोण जाणे. ती तिने उगीचच दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली.

"आता ऐक," आई म्हणाल्या, "तो पलीकडे बसलाय तोवर."

"त्याला ऐकू गेलं तर?"

"त्याला? त्याला समोर बसवून सांगितलं तरी ऐकू जात नाही." पाय त्यांनी आणखी दाबला. मशीन थरथरायला लागलं. "मला विचारू नका, जायचं का म्हणून. विचारलंत तर मला उत्तर द्यावं लागेल. जा म्हटलं तर ते पूर्ण खरं नाही. राहा म्हटलं तर तेही नाही. मग तुम्ही जन्मभर माझ्या उत्तराचा कीस काढत बसाल. त्यापेक्षा काय ते तुमचं तुम्ही ठरवा आणि मला सांगा. सांगितलं की नुसतं ऐकायचं असतं. ते मला जमतं."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"बघ, विचारलंसच." त्या हसल्या. "आणि मला ऐकू येतं हे त्याला सांगू नकोस. लाजेल बिचारा. जा आता."

ती उठली. चळत स्टुलावर ठेवली. चहावर साय धरली होती. तिने बोटाने ती बाजूला केली आणि कप आईंच्या हाताशी सरकवला. मग पार्टिशनला वळसा घालून अलीकडे आली.

तो तसाच जमिनीवर बसला होता, एका हातात बूट घालून, जणू बूट हातातच घालायचा असतो. छतावर लाल उजेड होता. त्या उजेडात त्याचं तोंड तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातल्यासारखं दिसलं, ट्रकच्या आडून बघणारं.

ती त्याच्यासमोर बसली.

"उद्या काय सांगणार आहेस?" तिने विचारलं.

त्याने आधी पार्टिशनकडे पाहिलं. मशीन धडधडत होतं. तरी तो कुजबुजलाच. "मी काय म्हणतो..."

"ऐकू येत नाही. मोठ्याने बोल."

"अगं, आई..."

"मशीन चालू आहे. मोठ्याने बोल."

"मी म्हणतो," त्याने आवाज थोडा चढवला, "तुला लॅब सोडवणार नाही, तर आपण..."

"माझं सोड. मला जायचंय. लॅब कुठेही मिळेल, दात सगळ्यांचेच पडतात. तुझं सांग."

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. आणि नेमका तेव्हाच छतावरचा लाल उजेड हलला, विरला. खाली हिरवा पडला होता. इंजिनं एकेक करून जागी होत होती. त्याचं तोंड आपोआप मिटलं. उरलेलं वाक्य हातात धरून तो पुढच्या लालची वाट बघत बसला.

पण पलीकडे मशीन थांबलं नाही.

गाड्या गेल्या. रस्ता मोकळा झाला. मशीन चालूच होतं, एका सुरात, जराही न अडखळता. त्याने कान देऊन ऐकलं. त्याच्या कपाळावर आठी पडली, मग ती सैल झाली. इतक्या वर्षांत एवढा लांब आडोसा त्याला कधी मिळाला नव्हता.

"चालू आहे अजून," ती म्हणाली. "बोल."

"मला जायचंय," तो म्हणाला. आणि ते बाहेर पडल्यावर मागचं सगळं त्याच्या मागोमाग आलं. "मला फार जायचंय गं. तुझ्यासाठी नाही, मला स्वतःलाच. मी रोज तेच गिऱ्हाईक, तीच गाडी, तेच बोलणं... आणि मला ते शोरूम हवंय. आईला घेऊन जायचं म्हटलं तर ती येणार नाही. इथे ठेवायचं म्हटलं तर मला झोप लागणार नाही. पण झोप लागली नाही तरी जायचंय, असं मला वाटतं, आणि मग माझी मलाच लाज वाटते. मुलाने असं..."

बूट त्याने हातातून काढून बाजूला ठेवला. तिने त्याचा तो पॉलिश लागलेला हात धरला.

मशीन थांबलं.

दोघंही दचकली. खाली पुन्हा लाल पडला होता. इंजिनं मिटली होती आणि शांतता वर चढत होती, खिडकीतून आत, पार्टिशनवरून पलीकडे. कुठल्या तरी गाडीत कोणीतरी हलकेच हसलं. पंख्याची पाती एका लयीत फिरत होती, थोडी हवा इकडे, थोडी तिकडे.

"अरे," पलीकडून आई म्हणाल्या. मोठ्याने नाही. समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. "तिकडे गारठा असतो म्हणे. तुझ्या कोटाचं अस्तर बगलेत उसवलंय. आण इकडे, दोरा ओवतेय मी."